सायकल सफर आणि वाटेवरचा वडापाव

पाऊस ओसरला की गोव्याला, कन्याकुमारीला निघणाऱ्या सायकलस्वारांची तयारी सुरू होते आणि खाण्याबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. त्यांतल्या काहींची ही उत्तरे.

प्रश्न : कोल्हापूर–आंबोलीमार्गे पुणे ते गोवा चार दिवसांत करायचं ठरवलं आहे. सरावाला सकाळी सगळे नियम पाळतो, पण दुपारी एकच्या सुमारास हायवेवर फूड मॉल दिसला की ताबा सुटतो. वडापाव, समोसे, बर्गर, वर मोठी कोल्ड्रिंकची बाटली. नंतर तासभर पाय उचलत नाहीत. मनावर ताबा कसा मिळवायचा? – सॉफ्टवेअर अभियंता, कोथरूड

मनाला बोल लावू नका. आधी सकाळपासूनचा हिशेब मांडू या. सामान लादलेली सायकल मध्यम वेगाने चालवणारा साधारण सत्तर किलोचा माणूस तासाला ४०० ते ६०० कॅलरी खर्च करतो. सहाला निघालात, थांबे वजा केले, तरी एक वाजेपर्यंत पाच तास पेडल मारून झालेलं असतं. म्हणजे दोन-अडीच हजार कॅलरी गेल्या. आत काय गेलं? बशीभर पोहे आणि दोन चहा. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा असतो ४००-५०० ग्रॅमचा, म्हणजे फार तर दोन हजार कॅलरींचा. सगळा खर्च त्यातून होत नाही, काही भाग चरबीतूनही भागतो. पण दुपारपर्यंत तो साठा तळाला गेलेला असतो. अशा वेळी मेंदू गोड, खारट आणि तळलेलं मागणारच. तुमच्या फूड मॉलची सुरुवात सकाळी सातलाच झालेली असते.

म्हणून इलाजही सकाळीच करायचा. निघाल्यापासून पाऊण तासात पहिला घास पोटात गेला पाहिजे, भूक असो वा नसो. पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळीचे तुकडे, जे आवडेल ते चालेल. फक्त ते हँडलबारच्या पिशवीत, एका हाताने काढता येईल असं ठेवा. मागच्या पॅनिअरच्या (कॅरिअरला लटकवलेल्या पिशवीच्या) तळाशी गेलेला लाडू मुक्कामालाच बाहेर निघतो. पुण्याहून निघालात की शिरवळला थांबून नीट खा आणि मगच खंबाटकी चढा. घाटाच्या माथ्यावर पोचल्यावर खाऊ म्हणाल तर उशीर झालेला असेल.

वडापाव बंद करा असं मी सांगणार नाही. पाव आणि बटाटा दोन्ही पिष्टमय, सायकलस्वाराच्या कामाचे. अडचण तेलाची आहे. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात, आणि चढावर जोर लावताना रक्त पायांकडे वळलेलं असल्याने पचनाला आणखी वेळ लागतो. म्हणून घाटाआधी नको. पुढे सपाट रस्ता असेल तर कढईतून नुकता काढलेला एक वडापाव खा आणि पंधरा मिनिटं बसा. वडा उकळत्या तेलातून आलेला असतो, त्यामुळे पोट बिघडण्याचा धोका त्याच्यापेक्षा सकाळपासून उघड्यावर असलेल्या ओल्या चटणीत जास्त. सुकी लसणाची चटणी मागून घ्या.

कोल्ड्रिंकच्या ६०० मिलिलिटरच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या वर साखर असते. सगळी एकदम ढोसू नका. निम्मी दोघांत वाटून, सोबत पाणी पिऊन घेतलीत तर चालत्या सायकलवर ती साखर कामी येते.

प्रश्न : मुक्कामाला पोचल्यावर बर्गर आणि फ्राइज खाल्ले तर दिवसभराची मेहनत वाया जाते का? की त्यासाठी रिकव्हरीच्या महागड्या पावडरी घ्यायलाच हव्यात? – महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

वाया जात नाही. अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठात हा प्रयोगच झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ पुरुषांना सायकलवर ९० मिनिटं दमवून एकदा फास्ट फूड दिलं आणि दुसऱ्या खेपेला क्रीडा-पूरक पदार्थ. चार तासांनी स्नायूंतलं ग्लायकोजेन मोजलं, वीस किलोमीटरची शर्यतही लावली. दोन्ही वेळा लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र प्रयोगातले घास मोजूनमापून दिले होते आणि प्रयोग एका दिवसापुरता होता, हे विसरू नका. दहा दिवस रोज तेच खाल्लं तर भाज्या, तंतू, चांगली प्रथिनं राहून जातात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पोट तक्रार करतं. वरण-भात, अंडी किंवा उसळ, ताक मिळत असेल तर पावडरीचे पैसे टायर-ट्यूबसाठी ठेवा.

प्रश्न : कन्याकुमारीपर्यंत सायकलने जाऊन आलो आणि वजन दीड किलोने वाढलं! असं कसं? – निवृत्त शिक्षक, सांगली

बरंचसं पाणी आहे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर स्नायू तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतात, आणि सरावलेले स्नायू साठाही जास्त करतात. त्यात वाटेतलं खारट खाणं आणि दमलेल्या पायांवरची सूज. आठवडाभराने सकाळी उपाशीपोटी पुन्हा वजन करा. खरी काळजी परतल्यानंतरची आहे. सायकल भिंतीला टेकते, पण भूक आणखी काही दिवस सफरीचीच राहते. ताटातला भात-पोळीचा वाढीव हिस्सा पहिल्या दिवसापासून कमी करा.

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी आषाढीला सायकलने पंढरपूरला जातो. एकादशीचा उपवास मोडायचा नाही. साबुदाणा खिचडीवर निभेल का? – गृहिणी, बारामती

निभेल, उपवास मोडू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यामुळे पायांना ऊर्जा मिळते. पण वाटेवरच्या खिचडीत तूप-तेल आणि दाण्याचं कूट भरपूर असतं. तिची थाळीभर रास घेऊन लगेच निघालात तर छातीत जळजळ ठरलेली. अर्धी प्लेट घ्या आणि मध्ये केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू चालू ठेवा. साबुदाणा वड्याचा मोह मंदिराचा कळस दिसल्यावर पुरवा. पाण्यात साखर, लिंबू आणि उपवासाला चालणारं सैंधव घाला. घामाने मीठ जात असताना दिवसभर नुसतं पाणी पीत राहणं धोक्याचं आहे. तुमच्यापैकी कुणी मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेत असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपवास आणि सायकल एकत्र करू देऊ नका. यात मी सवलत देणार नाही.

प्रश्न : किनाऱ्याने दापोली, दाभोळ, गुहागर असं जायचं आहे. मागच्या वेळी दुपारी सगळं बंद, टपरीवर फक्त वेफर्स आणि क्रीम बिस्किटं. दिवसभर तेच खाल्लं. – बँक कर्मचारी, ठाणे

कोकणातला हा खरा पेच आहे. इथे रस्ता सतत खाली खाडीला उतरतो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढतो. मुंबई–पुण्याच्या हायवेवरचा अंदाज घेऊन निघालेला माणूस दुपारी हमखास रिकामा होतो. आणि दुपारी घरगुती खानावळीत आयत्या वेळी जेवण मिळत नाही, कारण सांगितल्याशिवाय भात टाकतच नाहीत. आदल्या संध्याकाळी फोन करा. सकाळी मुक्कामाच्या घरून घावणे बांधून घ्या, पण ओल्या नारळाची चटणी उन्हात आंबते, म्हणून सोबत गूळ घ्या. दाभोळ–धोपावे फेरीबोटीची वाट पाहताना ते निवांत खाऊन होतात, आणि धोपाव्याचा चढ समोर असताना पोटात काहीतरी असतं. कोकम सरबत जिथे मिळेल तिथे मीठ घालून प्या.

संध्याकाळी पोचल्यावर घरच्या मावशींना विचारा, पेज आहे का. गरम, पातळ, मीठ घातलेली वाटीभर पेज आधी घ्या आणि मग अर्ध्या तासाने जेवायला बसा. वेफर्सची आठवण येणार नाही.