पोराला पहिल्यांदा अॅडमिट करताना

अगं, पहिली रात्रच जड जाते. हाताला कॅन्युला, म्हणजे सलाईन-औषधाची नळी, लावताना पोरगं जाम रडतं, आपलाच जीव खालीवर होतो पण तू तिथेच थांब, राहू देत असतील तर मांडीवर घे, फक्त "दुखणार नाही" असं खोटं सांगू नकोस, मग पुढच्या वेळी विश्वासच ठेवत नाही. आत सुई राहत नाही हं, मऊ नळी असते, मला हे तिसऱ्या दिवशी कळलं! डोस वजनावर ठरतो म्हणून वजन परत करतील. रात्री ताप बघायला सिस्टर उठवतात. शू किती वेळा झाली लिहून ठेव, राउंडला डॉक्टर तेच विचारतात. आणि आपल्या इंदूरात अख्खा राजवाडा भाग पोहे-जिलेबी घेऊन भेटायला येतो, त्यांना खालीच थांबव. कॅशलेस विमा असेल तर सकाळी सुट्टी (डिस्चार्ज) म्हणाले तरी संध्याकाळ होते, चार्जर ठेव जवळ.