रत्नागिरीत राहून एव्हरेस्ट बेस कॅम्पची तयारी होईल का? गावच्या शाळेसाठी निधी जमवायचा आहे.

पायांची तयारी रत्नागिरीत राहून नक्की होईल, विरळ हवेची मात्र नाही; ती वाटेतच, सावकाश चढत होते. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. आपलं कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच. खेडचे रसाळगड, सुमारगड, महिपतगड पाठीवर वजन घेऊन सलग करा. गुडघ्यांना उतरणीचीही सवय होईल. ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम. तरीही डोकं दुखून मळमळलं, तर वर चढायचं नाही. म्हणूनच ‘बेस कॅम्प गाठला तरच देणगी’ अशी अट कुणाकडूनही स्वीकारू नका, आणि ट्रेकचा खर्च निधीतून नाही, हे आवाहनात आधीच लिहा.