करंगळीत करंगळी : फ्रान्समधील गावनाचाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पुतणी शिक्षणासाठी फ्रान्समधील रेन शहरात राहते. तिने तिथल्या एका खेड्यातील सभागृहात रात्री चाललेल्या नाचाचे चित्रीकरण मला पाठवले. शे-दोनशे माणसे, त्यांत आजीबाई आहेत आणि शाळकरी पोरेही, शेजाऱ्याच्या करंगळीत करंगळी अडकवून रांगेने डावीकडे सरकत आहेत. बघणारे जवळजवळ कोणी नाहीत. कोपऱ्यात दोघे वाजवत बसले आहेत आणि त्यांतील एकाचे वाद्य आमच्या यात्रेतील सनईसारखे ऐकू येते. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : रेन हे ब्रिटनी या पश्चिमेकडील प्रांताचे मुख्य शहर आहे आणि आपल्या पुतणीने पाठवला तो तिथला ‘फेस्ट-नोझ’. ब्रिटनीची स्वतःची भाषा ब्रेतॉन. तिच्यात या शब्दाचा अर्थ रात्रीचा उत्सव. आपण केलेल्या वर्णनावरून नाच ‘आन द्रो’ असावा. तीन पावले डावीकडे, मग तीन जागच्या जागी, आणि त्या लयीवर अडकवलेल्या हातांचे सगळ्यांनी मिळून गोल झोके. दिंडीत पावली खेळलेल्या माणसाला हा नाच शिकायला पाच मिनिटेही लागू नयेत. अवघड आहे ते पुढचे, म्हणजे तीच सहा पावले पंधरा-वीस मिनिटे न कंटाळता टाकत राहणे आणि आपली लय शेजाऱ्याच्या लयीत विरघळू देणे. पावलीत रंगलेल्या टाळकऱ्याला हे सांगावे लागणार नाही.

सनईबद्दलचा आपला कान खरा आहे. त्या वाद्याचे नाव बोंबार्ड. सनईप्रमाणेच त्याला दुहेरी पत्तीची जिभळी असते आणि नळी खाली रुंदावत जाते. जोडीला असतो ‘बिनिऊ’, म्हणजे कातडी पिशवीचे छोटे वाद्य. त्याचा आवाज बोंबार्डपेक्षा एक सप्तक वर चढतो आणि त्यातच एक नळी सतत आधाराचा सूर धरून असते. आपल्याकडे सनईवाल्याच्या मागे सूर धरणारा वेगळा माणूस बसतो, तिथे ते काम पिशवी करते. मात्र एक फरक ऐकण्यासारखा आहे. आपला सनईवाला गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. बोंबार्ड फुंकायला छातीचा इतका जोर लागतो की वादक एक ओळ वाजवून थांबतो. तेवढ्यात बिनिऊ तीच ओळ एकटा वाजवतो आणि पुढच्या ओळीला दोघे पुन्हा एकत्र येतात. दम घेण्याच्या गरजेतून तिथे सवाल-जवाबाची घडण तयार झाली आहे.

वाद्येच नसतील तर दोन गायक पुरतात. या गाण्याला ‘कान हा दिस्कान’ म्हणतात. पहिला ओळ म्हणतो, तिच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांवर दुसरा आपला आवाज मिसळतो, मग तीच ओळ एकट्याने म्हणतो, आणि तिच्या शेवटी पहिला परत मिसळतो. आपला झीलकरी शेवट उचलून धरतो, हा तर अख्खी ओळ परत देतो. त्यामुळे नाचणाऱ्याच्या पायाखालचे गाणे क्षणभरही थांबत नाही.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रिटनीतील शेतकरी नवे खळे तयार करताना गावाला बोलावीत आणि ओल्या मातीवर सगळ्यांना नाचवीत, म्हणजे जमीन चोपून घट्ट बसे. शेण-मातीने सारवलेले खळे आणि मधोमध रोवलेला तिवडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना खळ्याची जमीन भुसभुशीत राहिली तर धान्याची किती नासाडी होते हे ठाऊक आहे. आपण ते काम धुमसाने आणि बैलांच्या खुरांनी केले, त्यांनी नाचाने केले. पावलांतला तो जमिनीला दाबणारा जोर आजही दिसतो. आपल्या चित्रफितीत माणसांचे पाय पाहा.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. फ्रेंच लोकसंगीतात एका हाताने दांडा फिरवून वाजवण्याचे तंतुवाद्य मी ऐकले. ते कसे चालते?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ते ‘व्हिएल’. मध्य फ्रान्समधील बेरी आणि ओव्हेर्न्य या भागांत ते विशेष वाजते. पोटात एक लाकडी चाक असते. त्याच्या कडेला राळ लावतात आणि उजव्या हाताने दांडा फिरवला की चाक तारांवर घासते, म्हणजे कधीच न संपणारा गजच म्हणा. जिथे तारा चाकाला टेकतात तिथे त्यांना कापसाचा पातळ थर गुंडाळावा लागतो, आणि तो थोडा कमी-जास्त झाला तरी आवाज किरकिरतो. डाव्या हाताने पट्ट्या दाबून चाल वाजते, उरलेल्या तारा एकच सूर धरून राहतात. एका तारेखालची घोडी मुद्दाम सैल ठेवलेली असते. तिला ‘कुत्रा’ म्हणतात. दांड्याला मनगटाचा झटका दिला की ती फळीवर थरथरते आणि गुरगुरल्यासारखा ठेका निघतो. सूर, चाल आणि ठेका असे तिन्ही एकाच माणसाच्या हातात आल्यामुळे एक वादक अख्खे अंगण नाचवू शकतो. या भागांतील नाच ‘बुरे’. त्यात नाचणारे समोरासमोर येतात, मागे हटतात आणि एकमेकांना ओलांडून जागा बदलतात. बेरीत तो दोनाच्या चालीत, तर ओव्हेर्न्यमध्ये बहुधा तिनाच्या चालीत, आपल्या कानाला दादऱ्याजवळचा वाटेल असा.

आणि आपली पेटी? ती तर मूळची तिकडचीच. आलेक्झांद्र दबें याने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायाने भाता मारण्याचे ते वाद्य पुढे कलकत्त्यात मांडीजवळ घेऊन हाताने वाजवण्याजोगे झाले. गावनाचात व्हिएलच्या शेजारी आज जो अकॉर्डियन असतो, तो या पेटीचा भाऊबंदच आहे.

प्रश्न : मी बेळगावजवळच्या एका गावात शाळेच्या लेझीम पथकाला शिकवते. हे नाच खरोखर जुने आहेत, की पर्यटकांसाठी पुन्हा उभे केले आहेत? आणि आमच्या मुलांना त्यातला एखादा शिकवता येईल का?
— एक शिक्षिका

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटनीतील गावनाच जवळपास विझत आला होता. शेतीची सामुदायिक कामे यंत्रांनी संपवली, पाद्री मंडळींचा रात्रीच्या नाचाला जुना विरोध होताच, आणि ज्या भाषेत गाणी होती ती शाळेत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी खूण अडकवली जाई. सीमाभागातील वाचकांना याहून अधिक सांगायला नको. १९५० च्या दशकात ब्रिटनीतील गायक लोएझ रोपार्स यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या गायकांना पुन्हा गायला बसवले आणि नाच खळ्यावरून सभागृहात आणला. १९७० च्या दशकात शहरातील तरुण त्याकडे वळले, आणि २०१२ मध्ये फेस्ट-नोझ युनेस्कोच्या वारसा यादीत दाखल झाला.

पण जुनेपणाचा फार आग्रह धरू नये. फ्रान्सभरच्या गावनाचांत हमखास होणारा आणि फेरीगणिक जोडीदार बदलणारा ‘शापेलोआझ’ नावाचा नाच आहे. तो मूळचा स्वीडनकडचा, आणि ज्या फ्रेंच गावात शिकवला गेला त्याचे नाव त्याला चिकटले. तरीही लोक तो आपला म्हणून नाचतात. पारंपरिक पोशाख घालून मंचावर नाचणारी पथके तिथेही आहेत आणि ती सुंदरही असतात, परंतु फेस्ट-नोझला लोक घरच्या कपड्यांत, तिकीट काढून, स्वतः नाचायला जातात. माझ्या मते तो टिकला तो यामुळेच. आमच्या गावच्या लक्ष्मी यात्रेत सनईवाल्यांना हल्ली देवळाच्या दारात अर्धा तास मिळतो आणि मग भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे त्यांचा आवाज बुडतो; दोष केवळ कर्ण्यांचा नाही, सनईवर पाय टाकणारे कोणी उरलेले नाहीत हाही आहे.

मुलांना आन द्रो शिकवावा. केरव्याच्या आठ मात्रा धराव्यात : तीन मात्रांना डावीकडे पावले, चौथीला विसावा, पुढच्या तीन मात्रांना जागच्या जागी, आठवीला पुन्हा विसावा. चाल सनईवर किंवा पेटीवर कोणतीही घ्यावी, हलगी मात्र हळू ठेवावी. रांगेच्या डाव्या टोकाला पावले पक्की असलेली मुलगी उभी करावी, कारण वळणे तीच ठरवते; नवखे उजव्या टोकाला जोडले जातात. गॅदरिंगमध्ये हे मंचावर नेऊ नये. मैदानात करावे आणि पालकांच्या खुर्च्या त्या दिवशी मांडूच नयेत.