रंगद्रव्याशिवाय रंग, आणि कुजणारी चमकी

प्रश्न : मी मुलांचे रांगोळीचे आणि हस्तकलेचे वर्ग घेते. गणपतीच्या आराशीत आम्ही वापरलेली चमकी शेवटी केरात, नाहीतर गटारातून मुठेत जाते, याची मनाला टोचणी लागून राहते. कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यापासून, कोणताही रंग न घालता, चमकणारे रंगीत कण तयार होतात असे वाचनात आले. रंग न घालता रंग येतो कसा? आणि असे कण खरोखर कुजतात का? — एक वाचक, पुणे ३०

उत्तर : मोरपिसातल्या निळ्या-हिरव्या भागात निळे किंवा हिरवे द्रव्य मुळीच नसते. तिथे असते ते तपकिरी-काळे मेलॅनिन, आणि त्याच्या कांड्या एकमेकींपासून सुमारे १५० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतरावर ओळीने मांडलेल्या असतात. या मांडणीवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी ठरावीक लांबीच्या लहरी एकमेकींना बळ देतात, आणि तोच रंग आपल्याला दिसतो. अशा रंगाला रचनाजन्य रंग म्हणतात.

कापसाचा आणि लाकडाचा मुख्य घटक असलेल्या सेल्युलोजच्या बाबतीत ही मांडणी आपोआप होते, आणि मला स्वतःला या विषयातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. कापसावर किंवा लगद्यावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की त्यातला विस्कळीत भाग विरघळतो आणि १०० ते २०० नॅनोमीटर लांबीच्या स्फटिकी काड्या उरतात. आम्लामुळे त्यांच्यावर ऋण विद्युतभार येतो, त्यामुळे त्या पाण्यात गोळा न होता सुट्या राहतात. पाणी हळूहळू उडू लागले की त्या थराथरांनी रचल्या जातात. एका थरातल्या काड्या एकाच दिशेला, पण वरच्या थरातल्या किंचित वळलेल्या, अशी गोल जिन्यासारखी रचना उभी राहते. जिन्याच्या एका पूर्ण वेढ्याच्या उंचीला साधारण दीडने गुणले की समोरून पाहताना दिसणाऱ्या रंगाची तरंगलांबी मिळते : ३०० नॅनोमीटरच्या वेढ्याला ४५०, म्हणजे निळा, ४२० च्या वेढ्याला ६३०, म्हणजे लाल. द्रावणात थोडे मीठ घातले की वेढा आखडून रंग निळ्याकडे सरकतो, तर कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींनी ढवळले की तो लालकडे जातो.

वनस्पतींनाही ही युक्ती अवगत आहे. आफ्रिकेतल्या पोलिया कंडेन्साटा या वनस्पतीच्या फळाचा झगझगीत निळा रंग त्याच्या सालीतल्या सेल्युलोजच्या अशाच वळत्या थरांमुळे येतो, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. केंब्रिज विद्यापीठातल्या सिल्विया विग्नोलिनी यांच्या गटाने २०२१ मध्ये सेल्युलोजच्या काड्यांचा रंगीत पापुद्रा यंत्रावर लांबच लांब पट्ट्यांत तयार करून आणि तो दळून चमकी केली, तेव्हा ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या काचपात्रातून कारखान्याच्या वाटेला लागली.

आता कुजण्याविषयी. इथे मी आपणास सावध करू इच्छितो, कारण वेष्टनावरचा ‘जैवविघटनशील’ हा शब्द पुरेसा नाही. अशा नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चमकीत गाभा सेल्युलोजचा असला तरी त्यावर चकाकीसाठी ॲल्युमिनियमचा आणि वर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. गाभा कुजला तरी हे थर मागे उरतात. दोन निराळे पॉलिमर (एकाच घटकाच्या कड्या जोडून झालेले लांब रेणू) जोडून केलेल्या, आपोआप थर धरणाऱ्या साखळ्यांपासूनही रचनाजन्य रंग मिळतात, परंतु त्यातला एक घटक पॉलिलॅक्टिक आम्ल या जैवविघटनशील प्लॅस्टिकचा असला तरी ते प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसच्या औद्योगिक खतभट्टीत लवकर विघटते, नदीच्या थंड पाण्यात फार सावकाश. निव्वळ सेल्युलोजच्या काड्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशीचे आणि जिवाणूंचे ते रोजचेच अन्न आहे. मात्र ओल लागली की हा पापुद्रा फुगतो आणि रंग लालकडे सरकतो, म्हणून तो तापवून पक्का करावा लागतो. विकत घेताना ‘गाभा कशाचा?’ याबरोबरच ‘वरचा थर कशाचा?’ हे अवश्य विचारावे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली आहे. आपल्याकडे तूर्त निवड ग्राहकालाच करायची आहे.

मुलांना हे प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर काड्यांची आणि आम्लाची खटपट नको. औषधी गोळ्या बांधून ठेवण्यासाठी वापरली जाणारी हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोजची कमी रेणुभाराची पूड घ्यावी. सेल्युलोजपासूनच केलेल्या या पदार्थाचे रेणू दाट द्रावणात तशीच गोल जिन्यासारखी रचना धरतात. वजनाने साधारण ६५ भाग पूड आणि ३५ भाग थंड पाणी नीट कालवून, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत ते काही दिवस झाकून ठेवावे. मग दोन काचांमध्ये पातळ थर देऊन खाली काळा कागद धरावा, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर हा रंग फिकट दिसतो. बोटाने काच दाबली की त्या जागी रंग निळ्याकडे सरकतो, आणि पाणी वाढवले तर लालकडे. हा पदार्थ थंड पाण्यात विरघळतो, त्यामुळे मखरावर किंवा अंगणात त्याचा उपयोग नाही. काचेच्या कडा चिकटपट्टीने बंद केल्यास रंग बराच काळ राहतो. उघड्या ठेवल्यास पाणी उडत जाईल तसा तो आधी निळा, मग जांभळा होतो आणि शेवटी अतिनील पट्ट्यात सरकून डोळ्यांना दिसेनासा होतो.