इंदूरला सहा तास थांबायचंय, सोबत सत्तरीची आई आहे. बाहेर पडावं की विमानतळावरच बसावं?

बाहेर पडा. लाउंजमधली खुर्ची दिल्लीत, पुण्यात, सगळीकडे सारखीच असते.

खरं तर तुमच्या प्रश्नाखाली जे लिहिलंय, 'इंदुरात खाण्याखेरीज बघण्यासारखं आहे तरी काय', त्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय. हे वाक्य मी माझ्या आतेभावाच्या तोंडून ऐकलंय. आणि तेही याच वाटेवर, दिल्ली-इंदूर-पुणे.

आत्या आमची इंदूरच्याच रामबागेत वाढली, लग्न होऊन पुण्याला गेली. त्या वेळी ती ७६ वर्षांची होती आणि तिच्या इंदूरच्या मागच्या फेरीला १९ वर्षं झाली होती. विमान १०:२० ला उतरणार, पुढचं ४:०५ ला. मी साडेनऊपासून गाडी घेऊन बाहेर उभा. उतरल्यावर दादाचा, म्हणजे त्याच आतेभावाचा, फोन आला, "आम्ही आतच बसतो रे. आईला दगदग होईल. आणि तिथं बघायचं काय? पोहे पुण्यातही मिळतात." मी काही बोलायच्या आत मागून आत्याचा आवाज आला, "तू बैस. मी जाते." व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला घेऊन ती खरंच बाहेर आली.

होळकरांचा राजवाडा विमानतळापासून आठ-नऊ किलोमीटर. रहदारी असेल तशी २५ ते ४५ मिनिटं धरा. सव्वाअकराला आम्ही तिथं होतो. आधी पोहे खाल्ले. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, म्हणून शेवटच्या घासापर्यंत मऊ राहतात. वर शेव, जीरावन म्हणजे भुरभुरायचा मसाला, बाजूला जलेबी. पुण्यात मिळतात ते कांदेपोहे. चांगलेच असतात, पण ते हे नव्हेत.

मग ती राजवाड्यासमोर उभी राहिली आणि मजले मोजायला लागली. सात. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. लहानपणी माझे आजोबा तिला शाळेत सोडताना रोज मोजायला लावायचे म्हणे. १९८४ च्या दंगलीत वाडा जळाला तेव्हा ती पुण्यात होती, बातमी वाचून दोन दिवस जेवली नव्हती. मागचा भाग नंतर पुन्हा बांधलाय, हे तिला मी तिथं उभ्या उभ्या सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि परत पहिल्यापासून मजले मोजले.

तिथून ई-रिक्षानं कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, खान नदीच्या काठी. होळकरांच्या समाध्या आहेत, कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची, शिवाजीरावांची. दगडातलं कोरीवकाम बघत ती पाऊण तास पायरीवर बसली. दगदग म्हणाल तर एवढीच. मग इतवारियातलं काचमंदिर. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती, खांब, छत, सगळं काचेचं. येताना तिनं शेव आणि जीरावन घेतलं. दुकानदारानं विचारलं, "माताजी, बाहर से आए हो?" आत्या म्हणाली, "बाहर से नहीं आई, बाहर गई थी." त्यानं पैसे घेताना दोन वेळा हात जोडले.

आता तुमचं. राजवाडा, छत्र्या, काचमंदिर एकमेकांच्या जवळ आहेत, तेवढंच करा. सराफा, सराफा म्हणून सगळे सांगतील, पण तिथला खाण्याचा बाजार सोन्याची दुकानं बंद झाल्यावर रात्री लागतो. दुपारी गेलात तर नुसत्या अंगठ्या दिसतील. दिवसा खायचं तर छप्पन दुकान ही खाऊगल्ली. लालबाग राजवाडा सुंदर आहे, पण सोमवारी बंद. उज्जैन ५५ किलोमीटरवर असलं तरी सहा तासांत जाऊ नका, महाकालाची रांग तुमचं विमान बघून हलत नाही. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पण ती सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर धावते, राजवाड्याला नेत नाही. आणि तीनच तास हाती उरले तर शहरात शिरूच नका. विमानतळाला लागूनच बिजासन टेकडी आहे, देवीचं दर्शन घ्या, वरून विमानं उडताना दिसतात.

वेळेचा हिशोब. देशांतर्गत विमानाचं दार साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. वेब चेक-इन झालेलं असेल आणि सामान थेट पुण्याला जात असेल, तर सुटायच्या एक तास आधी विमानतळावर पोहोचणं पुरेसं आहे. आम्ही दोन-वीसला निघालो. बडा गणपतीपाशी एक मिरवणूक आडवी आली, तरी ३:०५ ला विमानतळावर होतो. म्हणजे बरोबर एक तास आधी. दादा गेली पाच वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत सांगतो की, मी आत्याचं विमान चुकवणार होतो. दार बंद व्हायला ३५ मिनिटं होती! त्यातली दहा मिनिटं कशात गेली, हे तो सांगत नाही. आत्याचं आधार कार्ड त्याच्या बॅगेत, तो आत, आणि आधारशिवाय विमानतळाच्या दारावरचा जवान तिला आत सोडेना. तो काचेपाशी येऊन कार्ड देईपर्यंत आम्ही बाहेर उभे.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान इथं उतरवून घ्यावं लागेल, मग बॅगा घेऊन राजवाड्यात फिरणं आईंना जमणार नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यानं सहाचे तीन तास होतात, तेव्हा हिशोब विमान उतरल्यावरच करा. रंगपंचमीला येत असाल तर राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते, रस्ते बंद. त्या दिवशी आतच बसा, त्या दिवसापुरतं दादाचं बरोबर.

पार्किंगची चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे, तिच्यावर ३:०५ छापलंय. तुमच्या आईंचं आधार आणि बोर्डिंग पास त्यांच्याच पर्समध्ये ठेवा.