यूव्ही शाई, फुटलेले हात आणि केसपेपरवरची एक ओळ

दादा, कुपवाडला यूव्ही ऑफसेटवर (अतिनील दिव्याखाली शाई सुकवणाऱ्या छपाईयंत्रावर) काम, बोटांची टोकं फुटलेली, पापण्या सुजलेल्या, सुट्टीला जरा आराम, आणि मेडिकलवाला नायट्याची ट्यूब देतोय. वाचलं आणि माझेच जुने हात आठवले. ट्यूब कुठली चांगली हे विचारूच नका, आधी शाई कुठली ते बघा.

यूव्ही शाईतलं ॲक्रिलेट (दिव्याखाली कडक होणारं रसायन) ओलं असतं तेव्हाच खरा त्रास. दिव्याखालून नीट सुकून आलेली शीट सहसा काही करत नाही. रोलर धुणं, ब्लँकेट (यंत्रातली छपाईची रबरी शीट) पुसणं, तिथं सांभाळा. रॉकेल-थिनरनं हात कोरडे पडून फुटतात तो प्रकार वेगळा. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा बसली की थेंबभर शाईही पुरते. लॅटेक्सचे हातमोजे म्हणजे नुसतं मनाचं समाधान, ॲक्रिलेट त्यातून आत जातं. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) घ्या, आणि शाई लागली की फेका. धुऊन परत घालायचे नाहीत.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. पगारातून विमा कापला जात होता म्हणून गेलो. केसपेपरवर नुसतं 'बुरशी' लिहिलं. प्रेसमध्ये असतो म्हटलं, तर "ते इथं लिहायचं नसतं." पुढं रजेचे पैसे मागितले तेव्हा तोच कागद माझ्यापुढं सरकवला: "यात कामाचा संबंध कुठाय?" मग साहेब जेवायला गेलेत, टेबल बदललंय, उद्या या. आणि १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळं होणाऱ्या रोगांच्या यादीत, रसायनं आणि रंगांच्या स्पर्शानं होणारा त्वचादाह चक्क छापलेला! आता नवे कायदे आलेत, तुम्हाला काय लागू ते जाणकाराला विचारा. मी वकील नाही, डॉक्टरही नाही.

पण काम काय, शाई कुठली, सुट्टीत कमी होतं का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्याच, आणि खिडकीवरून हलण्याआधी वाचा. मालकाकडून शाईची सेफ्टी डेटा शीट (शाईत काय काय आहे तो कागद) मागून पॅच टेस्टला न्या, त्यात कातडीवर पट्ट्या लावून कशाची ॲलर्जी ते बघतात. पट्ट्या पाठीवर ४८ तास असतात, पाठ भिजवायची नाही, नंतर परत बघायला बोलावतात. पट्ट्यांसाठी ॲक्रिलेटचा वेगळा संच आहे का ते आधी फोनवर विचारा, नाहीतर हेलपाटा. घरी शाई लावून बघायचा शहाणपणा नको, त्यानंच ॲलर्जी बसू शकते.

सांगलीत कुणीही हळद लाव म्हणेल. फुटलेल्या कातडीवर नको, हळदीचीही ॲलर्जी असते. आणि दातात सिमेंट भरायला गेलात तर हे आधी सांगा, त्यातही याच जातीची रसायनं असतात.