राजा बदलला, चित्रकार तेच

प्रश्न: राजघराणं बदललं की इराणी चित्रकलेची शैलीही बदलते असं सगळीकडे वाचते, इलखानी, तैमुरी, सफावी, काजार वगैरे. मग जुन्या राजाच्या चित्रकारांचं काय व्हायचं, हाकलून द्यायचे का? आणि मला तर काजार सोडले तर बाकीची चित्रं बरीचशी सारखीच दिसतात, माझंच काही चुकतंय का?

उत्तर: काही चुकत नाहीये, उलट बरोबर पकडलंत. हाकलणं सोडाच, जिंकणाऱ्याला लुटीत जे हवं असायचं त्यात हे कलाकारही असायचे. शाही किताबखान्यात, म्हणजे ग्रंथ बनवायच्या दरबारी कार्यशाळेत, कागद घोटणारे, सुलेखनकार, सोन्याची नक्षी करणारे, चित्रकार, पुस्तकबांधणीवाले असा सगळा ताफा, तो नव्याने उभा करायला वर्षं गेली असती, त्यापेक्षा आयता उचललेला बरा. तैमूरचा नातू बायसुंघुर १४२० मध्ये वायव्य इराणातल्या तब्रीझला गेला आणि तिथले कलाकार हेरातला (आज अफगाणिस्तानात) घेऊन आला, त्यातल्याच जाफर तब्रीझीने लिहिलेला १४३० चा शाहनामा (इराणी राजांच्या महाकाव्याची सचित्र प्रत) आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. पुढे १५१० मध्ये सफावी शाह इस्माईलने हेरात घेतलं आणि कालांतराने तिथला सगळ्यात गाजलेला चित्रकार बिहजाद तब्रीझला सफावींच्या पदरी, म्हणजे गाडी फिरून परत तिथेच! घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली आणि चित्रात मात्र तेच वळलेले चिनी ढग, जे मंगोल इलखानी काळात आले ते कुणी काढलेच नाहीत.

माझ्या मते खरी उलथापालथ घराणं बदलल्यावर नाही तर एकाच राजाचं मन बदलल्यावर झाली. इस्माईलचा मुलगा शाह तहमास्प याच्यासाठी जो शाहनामा बनला त्यात २५८ चित्रं होती, त्यातलं चित्रकार सुलतान मुहम्मदचं ‘गयूमर्सचा दरबार’ (गयूमर्स म्हणजे शाहनाम्यातला पहिला राजा) नक्की बघा, झूम करून, खडकांमध्ये चेहरे लपवलेत. आणि मग याच तहमास्पचा चित्रांतला रस हळूहळू आटला, हा ग्रंथ तर त्याने १५६८ मध्ये ऑटोमन सुलतानाला भेट म्हणून देऊन टाकला. त्याआधी १५४४ मध्ये परागंदा मुघल बादशहा हुमायून त्याच्याकडे आश्रयाला आलेला, हुमायूनने संधी साधली, तहमास्पचे चित्रकार मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद नंतर काबूलला हुमायूनकडे गेले आणि मुघल चित्रशाळेचा पाया तिथे पडला.

पुढे सफावींची राजधानी इस्फहानला होती त्या काळात रिझा अब्बासी वगैरे चित्रकार सुट्या पानांवर एकेकट्या माणसाची चित्रं काढायला लागले, ती विकत घेणारे दरबाराबाहेरचेही होते. आणि काजार वेगळे का दिसतात, तर चित्राचं कामच बदललं. आधी मांडीवर पुस्तक घेऊन राजा आणि मोजकी मंडळी बघायची, आता काजार राजा फतह अली शाह (राज्यकाळ १७९७ ते १८३४) कमरेपर्यंत दाढी, दागिन्यांनी मढलेला, माणसाएवढ्या तैलचित्रात भिंतीवर उभा, शिवाय अशी पोर्ट्रेट्स परदेशी दरबारांनाही धाडलेली. मला ती थोडी भडकच वाटतात पण बघत राहावंसं वाटतं हेही खरं.

ओळखायची एक सोपी खूण देते, पागोट्यातून उभी लाल काठी वर आलेली दिसली तर चित्र बहुतेक सुरुवातीच्या सफावी काळातलं, ती त्यांच्या समर्थकांची टोपी, तहमास्पनंतर ती चित्रांतून दिसेनाशी होत गेली.